फळ्यावरचा सुटा ठिपका

पीएच.डी.च्या प्रबंधाआधी कोर्सवर्क सक्तीचं झालं, म्हणून सार्वजनिक आरोग्याचे आम्ही घोडे पुन्हा वर्ध्यातल्या एका वर्गात बाकांवर बसलो. आम्ही यायचो ते हजेरीसाठी. मागच्या बाकावरच्या म्हातारबुवांचं नाव मात्र हजेरीत नव्हतंच, त्यामुळे ते मला आजही ठाऊक नाही. पवनारच्या बसनं यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि दुपट्टा मांडीवर ठेवून, शेताची राखण करावी तसे फळ्याकडे बघत बसायचे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांनीच त्यांना बसू दिलं होतं.

मला राहवेना. एकदा विचारलंच, "बाबाजी, तुम्ही इथं काऊन येता?"

"आमच्या घरी दरसाली सर्वेवाले येते. इचारते, लिवते अन् जाते. त्याचं पुढं काय होते, थे पाहाले येतो."

एके दिवशी सरांनी त्यांच्याच गावच्या सर्वेक्षणाचा आलेख काढला. कोण किती विड्या ओढतो आणि किती खोकतो, याचा. सगळे ठिपके एका रेषेला धरून होते, एकच पार दूर, जास्त विड्यांच्या टोकाला पडला होता.

"असा ठिपका चूक समजून वगळता येतो," म्हणत सरांनी डस्टर उचललं.

म्हातारबुवा उभे राहिले.

"राहू द्या सर, थो मी असन. बाकीच्यायनं इड्या कमी सांगतल्या. म्या खऱ्या सांगतल्या."

एवढं बोलून ते खाली बसले आणि बराच वेळ खोकत राहिले. सरांचं डस्टर हातातच होतं.