कुत्रा कुणाच्या नावावर

१४ जूनला मी प्राण्यांच्या दवाखान्यात अकराशे पन्नास रुपये आगाऊ भरले. कुत्र्याला चिप बसवण्याची ती फी होती. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप सुईने मानेमागे कातडीखाली सरकवतात. तिच्यात एक नंबर असतो आणि त्या नंबरापुढे मालकाचं नाव आणि फोन नोंदवलेला असतो. पट्टा तुटतो, बिल्ला गळून पडतो, चिप मात्र जन्मभर जागची हलत नाही. कुत्रा हरवला तर घरी परत यावा म्हणून लोक ती बसवतात.

माझा कुत्रा हरवत नव्हता. तो रोज सकाळी कुठे जातो हे मला पक्कं ठाऊक होतं. तो आमच्याच इमारतीत तळमजल्यावर सोफेवाल्याकडे जायचा.

सोफेवाला साधारण माझ्याच वयाचा. पोरवयात तो एका सिनेमागृहात फाटक्या खुर्च्या शिवायच्या कामाला लागला. ते बंद पडलं तेव्हा थकलेल्या पगारापोटी दोन खुर्च्या उचलून आणल्या आणि हे दुकान टाकलं. त्या खुर्च्या अजून दारात आहेत. दुकानात फोमचे तुकडे, काथ्या, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि पोटातून स्प्रिंगा बाहेर आलेले लोकांचे सोफे. काम करताना तो तोंडात मूठभर बारीक खिळे धरतो आणि चुंबकाच्या हातोडीने ओठांवरून एकेक उचलून ठोकतो. त्यामुळे अर्धा दिवस त्याच्या तोंडून ‘हं’ याखेरीज काही निघत नाही. तोंड रिकामं असलं की एकच शब्द निघतो, ‘उद्या’. कबूल केलेल्या दिवशी त्याने एकही सोफा दिल्याचं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईकं भांडतात, शिव्या घालतात आणि पुढच्या वेळी परत त्याच्याकडेच येतात. लग्नाचं विचारलं तरी म्हणतो, ‘उद्या करू.’

असल्या माणसाला माझा कुत्रा जीव लावून बसला होता. दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली भिजून कुडकुडत बसलेला हा कुत्रा मी वर आणला. गळ्यात पट्टा नव्हता. आजूबाजूला विचारलं, खाली फलकावर चिठ्ठी लावली, कुणी आलं नाही. तेव्हापासून त्याचं खाणं, इंजेक्शनं, अंघोळीचा साबण, सगळं माझ्याकडून. मी त्याला पूर्ण वाक्यांत बोलावायचो, ‘चल बरं, आता आपण फिरायला जाऊ.’ तो जांभई द्यायचा. सोफेवाला तोंडात खिळे धरून ‘हं’ म्हणाला की तोच कुत्रा उडी मारून सिनेमाच्या खुर्चीत जाऊन बसायचा. संध्याकाळी घरी यायचा तो अंगाला काथ्या चिकटवून.

“अहो, कुत्र्यावरून कुणी जळतं का?” बायको म्हणायची.

“मी जळत नाही. खर्च कोण करतं एवढंच म्हणतोय.”

“मग त्याला पावती दाखवा. येईल धावत.”

म्हणून चिप. एकदा नंबरापुढे माझं नाव लागलं की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब होता.

नेण्याच्या दिवशी कुत्रा टॅक्सीत चढेना. मी बिस्किट दाखवलं, ओढलं, मागून ढकललं. तो फुटपाथवर बूड टेकून बसला. दुकानातून सोफेवाला बघत होता. त्याने खिळे तळहातावर थुंकले, बाहेर आला आणि सरळ टॅक्सीत जाऊन बसला. कुत्रा त्याच्या मागोमाग आत. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं.

“इंजेक्शन आहे का?” त्याने विचारलं.

“तसंच काहीतरी,” मी म्हणालो.

उतरताना माझ्याकडे पाचशेची नोट होती, ड्रायव्हरकडे सुटे नव्हते. ऐंशी रुपये सोफेवाल्याने दिले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चिप बसवण्याआधी एक हातात धरायचं यंत्र कुत्र्याच्या मानेवरून फिरवलं. नियमच आहे म्हणाल्या. यंत्र टिंग वाजलं. त्यांनी परत फिरवलं. परत टिंग.

“काका, याला चिप आहे.”

“कशी असेल? ती बसवायलाच तर मी आज आणलाय.”

“आधीची आहे. कुणाच्या तरी नावावर आहे हा.”

सोफेवाला आधी हसला. “घ्या! म्हणजे आपण दोघंही भाडेकरू.” मग त्याचं हसू ओसरलं. नर्सबाई कॉम्प्युटरकडे वळल्या तसा तो माझ्या कानाशी आला. “चला, निघू. मशीन बिघडलंय म्हणू.”

कुत्रा टेबलावर उभा होता. माझ्या हातात पट्टा होता आणि दार उघडं होतं. पण नावावर आहे म्हटल्यावर माझा पाय उचलेना. उलट, मीच नाव लावायला आलो होतो.

“नंबर जुना असेल,” मी नर्सबाईंना म्हणालो. “लोक कुठे बदलून घेतात.”

“यांनी घेतलाय. घर बदललं त्याच आठवड्यात.” त्यांनी फोन लावला. पहिल्या रिंगलाच कुणीतरी उचलला.

अर्ध्या तासात एक तरुण मुलगी आली. बेकरीत कामाला होती, कोपरापर्यंत मैदा तसाच. घर बदलताना सामान ट्रकमध्ये चढत होतं, दार उघडं राहिलं, पट्ट्यातून मान काढून हा पळाला, असं तिने नंतर सांगितलं. आत आली तेव्हा ती फक्त “बटण!” म्हणाली.

कुत्र्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. सोफेवाल्यानेही नसावा, कारण त्याचा चेहरा माझ्यासारखाच पडला होता. तेवढंच काय ते मला समाधान. कुत्रा तिच्या अंगावर चढला, मैदा चाटला, खाली पडला, परत चढला. आमच्याकडे त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“याला इतके दिवस कुणी सांभाळलं?” तिने डोळे पुसत विचारलं.

“मी,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ती हसली आणि दोघांच्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो. मला काही सुचेना. सोफेवाल्याला मात्र सुचलं.

“याने घरात काही फाडलं होतं का?”

“माझी खुर्ची. अजून तशीच ठेवलीय. टाकवली नाही.”

“आणा. नवी करून देतो. पैसे नकोत.”

“कधी मिळेल?”

“उद्या,” सोफेवाला म्हणाला.

मला फी परत मिळाली. बायको त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही. रात्री भांडी लावताना म्हणाली, “तुम्हीच नेलंत ना टोचायला?” मग थोड्या वेळाने, “त्या पोरीने दोन वर्षं फोन उशाशी घेऊन काढली असतील. बरं झालं म्हणा.” बरं झालं हे मलाही कळत होतं. चिप नसती तर ती अजून वाटच बघत असती.

खुर्ची आली. तेव्हापासून दर रविवारी ती मुलगी कुत्र्याला घेऊन दुकानात येते, खुर्ची झाली का विचारते. सोफेवाला म्हणतो, “उद्या.” कुत्रा सिनेमाच्या खुर्चीत बसतो, ती दुसऱ्या खुर्चीत. तासभर गप्पा होतात. मीही खाली उतरतो, पण मला उभं राहावं लागतं. कुत्रा माझा हात हुंगतो, शेपूट दोनदा हलवतो आणि सोफेवाल्याकडे बघत बसतो. माझ्याकडे त्या मुलीला देण्यासारखं काही नाही. मी आयुष्यभर हिशेब केले आणि तिला हिशेबाची गरज नाही.

गेल्या महिन्यात ती यायच्या आधी मी दुकानात डोकावलो. मागच्या भिंतीशी चादरीखाली काहीतरी होतं. चादर उचलली. तिची खुर्ची. नवं कापड, नवा फोम, मागे पितळी बटणांची रांग, एक धागासुद्धा बाकी नव्हता. चादरीवर धूळ बसली होती.

“ही तर कधीच झालीय,” मी म्हणालो.

सोफेवाल्याच्या तोंडात खिळे होते. त्याने हातोडी थांबवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात बाहेर भुंकल्याचा आवाज आला. मी चादर होती तशी पांघरली. मुलगी आत आली. सोफेवाल्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने मलाच विचारलं, “काका, झाली का हो खुर्ची?”

“उद्या,” मी म्हणालो.

“हं,” सोफेवाला म्हणाला, आणि कुत्रा उडी मारून आपल्या खुर्चीत बसला.

टॅक्सीतले माझ्या वाट्याचे चाळीस रुपये मला त्याला अजून द्यायचे आहेत.