गवत चाखणारा माणूस

साखऱ्याच्या फाट्यावर गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत मी मोबाईलवर गोल्फची मैदानं बघत बसलो. दिवाळीच्या सहलीत आम्ही मित्रांनी कुठं कुठं खेळायचं, ते मला ठरवायचं होतं. शेजारी एक मेंढपाळ होता. नव्या बांधावर मेंढ्या सोडण्याआधी तो तिथल्या गवताची काडी स्वतः चावून बघायचा, थुंकायचा, मगच शीळ घालायचा.

फोटो बघून तो म्हणाला, "एवढं हिरवं. कोण चारून राहिलंय इथं?"

"कोणी नाही. कापून फेकतात."

तो मग म्हणाला, "तितल्या माळ्याला इचारा, काडी चावतो का. व्हय म्हणला तर जावा."

मला हसू आलं. यादीतल्या पहिल्या, माझ्या नेहमीच्या मैदानाचा माळी ओळखीचा. गंमत म्हणून स्पीकरवर फोन लावून त्याला तेच विचारलं.

"नाही साहेब," तो लगेच म्हणाला, "लई औषध मारतो आम्ही. घरी आंघोळ केल्याशिवाय मी लेकराला हात लावत नाही."

मेंढपाळानं कळप पुढं हाकला.

चेंडूखालची लाकडी खुंटी त्या मातीतून उपटायची आणि दातांत धरून चालायचं, ही माझी दहा वर्षांची सवय आहे.