तांबडं मिठागर

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी, मुलुंडच्या आमच्या घरात, बाबांनी आपल्याच गावचा सडा, म्हणजे जांभा दगडाचं पठार, ओळखला नाही.

खेळ मीच सुरू केला होता. टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावायचा, गावांची नावं बंद ठेवायची आणि दिसतं ते काय आहे हे सांगायचं. बाबा नेहमी जिंकत. नदीच्या मुखाशी फुटलेले फाटे पाहून ते म्हणत, "माडाचां चुडत," म्हणजे झावळी. वाळवंटातल्या टेकड्या म्हणजे बांगड्याचे खवले. शास्त्रीय नाव नंतर मी सांगायचो.

त्या दिवशी भांडुपहून काका आले होते, बाबांचे धाकटे भाऊ. वर्षभरात निवृत्त होऊन गावी सड्यावर घर बांधायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जमीन दोघांची सामाईक, पण तिचं सगळं बाबा बघत. म्हणून मुद्दाम मी गावाकडचं चित्र शोधून ठेवलं. जांभ्याच्या उघड्या पठारावर काटकोनात कापलेले तांबडे खड्डे दिसत होते. चिऱ्यांची ही खाण शेजाऱ्यांची असेल, असं मी धरून चाललो.

बाबा लगेच म्हणाले, "मिठागर."

काका हसले. "तांबडां मिठागर खंय बघितलंस, दादा? चष्मो बदल."

"बाबा, नीट बघा ना," मी म्हणालो. "एवढं सोपं चुकलात? आज वाट लागली तुमची."

"मिठागरच ता. पुढचां लाव."

मी पुढचं लावलं नाही. "हरलात म्हणा, मग लावतो," म्हणालो. तोवर काका उठून टीव्हीजवळ गेले होते. त्यांनी पडद्यावरच्या ओढ्यावर बोट ठेवलं. "ह्यो आपलो व्हाळ. ही वळणाची वाट. मगे ह्यो आपलो सडो." मग मागे न वळता विचारलं, "खाण कोणी मारली?"

बाबा रिमोट शोधत होते. तो माझ्या हातात होता.

"मीच दिलंय," ते म्हणाले. "चिऱ्याक. ह्या घराच्या वेळेक."

हे घर माझ्या नावावर आहे. ते घेताना बाबांनी पैशांतला आपला वाटा आणून दिला होता. तो कुठून आला, हे मी विचारलं नव्हतं.

"माझी सही घेतलस ती ह्याच्यासाठी?" काकांनी विचारलं. मग मला म्हणाले, "जरा मोठां कर रे. व्हाळाच्या वरच्या अंगाक."

मी चित्र मोठं केलं. घरासाठी काकांनी पूर्वी जिथे कोपऱ्याचे दगड रोवले होते, तिथे चौकोनी खड्डा होता. त्यात हिरवं पाणी साचलं होतं.

काका मे महिन्यात निवृत्त झाले. ते भांडुपलाच राहतात.