गाडीला मागचं किती कळतं

पन्नाशी उलटल्यावर अब्बांनी जुनी गाडी घेतली. भोरच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. हात हलका, पण मान आखडलेली. मागं वळून बघणं जमायचं नाही. म्हणून पुण्याहून त्यांनी रिव्हर्स सेन्सर बसवून आणला. मागच्या बंपरवर चार काळ्या टिकल्या. मागं काही आलं की आत टिकटिक व्हायची, जवळ जाल तशी तिची घाई वाढायची आणि शेवटी एकच लांब सूर निघायचा. अम्मी म्हणायची, "गाडीला डोळे फुटलेत." मी तेव्हा कॉलेजात होते. मलाही तसंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात आम्ही तिघं वेल्ह्याकडच्या एका गावी गेलो. तिथले शेतकरी काका अब्बांचे जुने मित्र. भात कापून झाला होता. खाचरांवर धुकं पसरलं होतं, पेंढ्याचा ओलसर वास होता. तोरणा मधेच दिसायचा, मधेच पुसला जायचा. आपण कुणाच्या तरी झोपेत हिंडतोय, असं वाटत होतं.

अब्बा गाडी मागं घेत अंगणाच्या कडेला लावत होते. सेन्सर गप्प होता, म्हणून तेही निवांत. अचानक मागचं चाक खाली गेलं. गाडी तिरकी झाली आणि समोरच्या काचेत नुसतं पांढरं आभाळ उरलं.

काका धावत आले. "कुनाला लागलं न्हाई न्हवं?"

"नाही. पण हा वाजला कसा नाही?" अब्बा दार ढकलत म्हणाले.

अंगण संपून खाली खाचर होतं. शेजारच्या माणसांनी उचलून गाडी वर घेतली.

जेवणं झाल्यावर अब्बा म्हणाले, "बघू तरी, ह्याला काय काय कळतं."

इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून, चाकांना दगड लावून त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला. मी मागं पत्र्याचा डबा ठेवला, लगेच टिकटिक. काकूंनी वाळत घातलेली गोधडी आणून धरली. आवाज चाचरत, उशिरा आला. बारीक काठी उभी केली तर काहीच नाही. गाडीमागं आडवी पडलेली कुदळही त्याला कळली नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अब्बा, हा बघत नाही, हाक मारतो. आपल्याला ऐकू न येणारी. ती कशावर तरी आपटून परत आली, तरच वाजतो. खड्ड्यातून परत कोण येणार?"

"आन् ब्रेक?" काकांनी विचारलं. "त्यो आपनहून दाबतो का न्हाई?"

"नाही. नुसतं सांगतो. तेही फक्त मागं जाताना."

"म्हंजी गप बसला तरी मागं मोकळंच आसंल, आसं न्हाई."

काकू हसल्या. अम्मीने गोधडीची घडी घातली. ऊन पातळ झालं होतं, आणि त्या सोनेरी धुरकट उजेडात मला उगाच वाटत राहिलं की त्या न ऐकू येणाऱ्या हाका अजून खाचरांवरून पुढंपुढं चालल्यात.

सेन्सर अब्बांनी काढला नाही. मात्र त्यानंतर गाडी मागं घेण्याआधी ते खाली उतरायचे, मागं जाऊन जमीन बघून यायचे. पेठेतले लोक वाट बघत थांबायचे. अब्बा त्यांना सलाम करून सावकाश गाडीत बसायचे.