गुरुजींची चिप आणि अर्धा मिलिमीटर

झुआंग मूशेंगला ह्वाछ्यांगबेईचा अख्खा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गुरुजी म्हणायचा, आणि त्याची भावजय पेइयुन हिला त्या नावाची शिसारी होती. शिकवलं कुणाला याने? अकरा वर्षं जुन्या बोर्डांवर गरम हवा मारून चिपा उपटल्या, उजवा अंगठा आणि शेजारचं बोट असं भाजून घेतलं की त्याचा स्वतःचा फोनसुद्धा त्याला ओळखेना. आणि मग एक दिवस उठून हा चिपांचं भविष्य सांगायला लागला.

भविष्य म्हणजे काय, तर पुढच्या टॅबलेटात कुठली चिप येणार, ती किती धावणार, किती तापणार. रोज सकाळी दहाला तो पेइयुनच्या काउंटरवर हजर. तिसरा मजला, हातभर रुंदीची जागा, टॅबलेटच्या कव्हरांनी छतापर्यंत भरलेली. चहाच्या ट्रेपाशी एकच स्टूल होतं, ते याचं. त्यांच्या चाओशान मुलखातल्या माणसाच्या दुकानात चहाचे तीन पेले दिवसभर भरलेले असतात आणि आल्यागेल्याला नाही म्हणायचं नसतं. पण आल्याने कधीतरी जावं, एवढी तरी अपेक्षा असते. हा जायचा नाही. फोनवर चारशे जणांचा ग्रुप होता त्याचा. सकाळी लिहायचा, "आतल्या माणसाची बातमी, आठ कोरची चिप." दुपारी दहा कोर. संध्याकाळी, "अजून पक्कं नाही, धीर धरा." बोलाचीच कढी, बोलाचाच भात. चहा तेवढा पेइयुनचा आणि खराखुरा. ती त्याला चौथ्या पाण्याचा द्यायची, पानांचा रंग उतरलेला. त्याला कळायचं की नाही कोण जाणे, पण तो पेला कपाळाला लावल्यासारखा करून प्यायचा.

एकदा, नऊ वर्षांपूर्वी, त्याचं खरं ठरलं होतं. टॅबलेटचं खालचं गोल बटण जाणार असं तो म्हणाला आणि बटण गेलं. आंधळ्याने भिरकावलेला दगड एकदा आंब्याला लागला, म्हणून काय त्याला नेमबाज म्हणायचं? नंतरची आठ वर्षं त्याचं एकही धड निघालं नाही. तरी माणसं यायची, गुरुजी गुरुजी करायची, कारण या इमारतीत प्रत्येकालाच कुणीतरी काहीतरी सांगावं असं वाटत असतं.

तसा इथला धंदाच उफराटा. टॅबलेट दुकानात आला त्या दिवशी ज्याच्याकडे मापाचं कव्हर तयार, तो आठवडाभर राजा. दुसऱ्या आठवड्यात तेच कव्हर शंभर काउंटरांवर. म्हणून दोन महिने आधीच, टॅबलेट कुणी पाहिलेलासुद्धा नसताना, निव्वळ अफवेवर पोलादी साचा कोरून घ्यायचा. माप बरोबर निघालं तर उत्तम, चुकलं तर तो साचा दाराला टेकू म्हणून लावायचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत, पण सगळ्या मजल्याचं पोट त्यावरच.

पेइयुनच्या दाराशी असे दोन टेकू जमले होते. यंदा एकाच साच्याची ऐपत उरली होती. हाही चुकला तर काउंटर सोडायचं आणि गावी सासूच्या घरी जाऊन खारवलेल्या मुळ्याच्या बरण्या भरायच्या, हे तिचं आणि नवऱ्याचं, म्हणजे मूलिनचं, बोलून झालं होतं.

जुलैत एका सकाळी गुरुजी आला तो ग्रुपवर काहीच न लिहिता बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "पेइयुन, यंदा पक्कं आहे. चिप तापणार नाही. तापत नाही म्हटल्यावर आतली जाड पत्र्याची पट्टी नको, आणि पट्टी नको म्हणजे टॅबलेट अर्ध्या मिलिमीटरने बारीक."

"आतला माणूस म्हणाला का, भाऊजी?"

"हो."

"नऊ वर्षं ऐकतेय. कोण हा आतला माणूस? काय करतो आत?"

गुरुजीने इकडेतिकडे पाहिलं. "घरची म्हणून सांगतो. स्वयंपाकी आहे. ती चिप बेतणाऱ्या कंपनीच्या खानावळीत."

पेइयुनच्या हातातली किटली तशीच राहिली.

"हसू नकोस," गुरुजी म्हणाला. "चिप तापत असली की इंजिनियर खाली जेवायला येत नाहीत. डबे वर मागवतात, अर्धे तसेच परत येतात. आठ वर्षं मी विचारल्यावर तो काहीबाही सांगायचा आणि मी त्यावर इमले बांधायचो. यंदा त्याने स्वतःहून फोन केला. म्हणाला, पोरं दीड दीड तास बसून जेवतायत, माशाचं सूप दुसऱ्यांदा मागतायत. म्हणजे काम झालं. चिप थंड आहे."

मूलिन भारावून ऐकत होता. तो धाकटा भाऊ. दादाने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तर यानं खिडकी बदलली असती. "दादा, मग माप लिहून दे," तो म्हणाला. "पेइयुन जाईल उद्या बाओआनला, साचेवाल्या फेंगकडे."

गुरुजीने माप कागदावर लिहून दिलं, खाली सहीसुद्धा ठोकली, मंत्र्यासारखी. मग तेच माप ग्रुपवरही टाकलं.

बसमध्ये पेइयुनने तो कागद तीनदा उलगडला. माशाच्या सुपावर आपलं काउंटर लावायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच या माणसाला येतं. आठ वर्षं, आणि प्रत्येक वर्षी चूक. आणि इथेच तिच्या डोक्यात ते आलं. हा माणूस चुकतो, पण कसा चुकतो? न चुकता चुकतो. हा डावीकडे म्हणाला की गोष्ट उजवीकडे असते. कॅमेरा कडेला म्हणाला, तो मध्ये आला. मोठा म्हणाला, लहान आला. तिला सगळी वर्षं तोंडपाठ होती. मग असा खात्रीचा माणूस दुसरा कुठे मिळणार? हा बारीक म्हणतोय, म्हणजे जाड.

फेंग म्हाताऱ्याने कागद पाहिला. "बारीक लिहिलंय इथं."

"चुकून लिहिलंय. अर्ध्या मिलिमीटरने जाड करा."

"नवऱ्याला विचारलंयस ना?"

"साचा मी न्यायला येणार आहे, नवरा नाही," ती म्हणाली.

घरी मात्र ती काही बोलली नाही. कव्हरं आली, खोके लागले, मूलिनने एकही उघडून मोजलं नाही. दादाचं माप काय मोजायचं?

सप्टेंबरात टॅबलेट आला. सकाळी साडेदहाला समोरच्या काउंटरवाला जाडा कोंग पहिला टॅबलेट घेऊन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. त्याने गुरुजीच्या शब्दावर साचा कोरला होता. मजल्यावरचे दहाबारा तरी जण गोळा झाले. कोंगने टॅबलेट कव्हरात दाबला. टप्प. चारी कडा अशा बसल्या की नख शिरेना.

"गुरुजी," कोंग म्हणाला, "नऊ वर्षं तुमच्या नावानं बोटं मोडली, माफ करा बुवा."

गुरुजी स्टुलावरून उठला. त्याचा चेहरा असा झाला होता की पेइयुनला बघवेना. त्याने टॅबलेट हातात घेतला, त्या दोन गुळगुळीत बोटांनी कडेवरून फिरवला आणि म्हणाला, "आता आमच्या घरचं कव्हर बघा."

"भाऊजी, राहू द्या," पेइयुन म्हणाली, पण मूलिनने खोका फोडला होता.

टॅबलेट कव्हरात गेला आणि आत डब्यातल्या वाटाण्यासारखा वाजला. गुरुजीने तो काढला, परत घातला. परत वाजला. मग कोंगनेच तोंड उघडलं.

"काय पेइयुन, काखेत कळसा आणि गावाला वळसा? घरात गुरुजी, आणि माप कुठून आणलंस?"

मूलिन बायकोकडे बघायला लागला. रागाने नाही, नुसता बघत होता. तिचे कान तापले. काय सांगणार? याचं उलटं धरलं म्हणून? मग पुढचं सांगावं लागलं असतं, की उलटं धरायला आधी सगळं नीट ऐकावं लागतं. नऊ वर्षांतला त्याचा एकेक शब्द कोणी लक्षात ठेवला असेल, तर तो चारशेंपैकी कोणी नाही, तिने.

"तिला काय विचारतोस?" गुरुजी म्हणाला. "माप मीच बदलायला लावलं. ती फेंगकडे पोहोचल्यावर फोन केला. मला वाटलं, चिप तापेल."

"आम्हाला तर बारीक सांगितलंत."

"तुम्हाला सांगायचं राहिलं."

कोंगला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसला. "वा. म्हणजे आम्हाला बारीक, घरच्यांना जाड. दोन्ही डगरींवर हात. जे लागेल ते गुरुजींचं." मागचे सगळे हसले. एकाने तिथल्या तिथे फोन काढला आणि ग्रुप सोडला. जेवणाच्या वेळेपर्यंत चारशेंतले साठ उरले. तेही बहुधा बघायचं विसरलेले.

पेइयुनला तेव्हा बोलता आलं असतं. तोंड होतं, आणि एरवी ते कुणासमोर अडत नसे. ती बोलली नाही. मूलिन मान खाली घालून खोके परत लावायला लागला आणि तिला स्वतःची एवढी लाज वाटली की भाऊजींचा रागच आला. मेल्याला आयुष्यात एकदा खरं बोलायचं सुचलं, आणि तेही सांभाळता आलं नाही.

पंधरा दिवसांनी काउंटर सोडलं. शेवटच्या दिवशी गुरुजी दहाला आला, नेहमीसारखा, आणि स्टुलावर बसला. आजूबाजूला कोणी त्याला हाक मारली नाही. पेइयुनने किटलीतली पानं फेकली आणि मोठ्या गिऱ्हाइकांसाठी जपून ठेवलेला चांगल्या चहाचा डबा फोडला. पहिल्या पाण्याने पेले धुतले, दुसऱ्या पाण्याचा पहिला पेला त्याच्यापुढे सरकवला.

त्याने घोट घेतला आणि थांबला. "हा वेगळा आहे."

"तोच आहे," ती म्हणाली. "पाणी दुसरं आहे."

म्हणजे त्याला इतकी वर्षं कळत होतं. ती खोक्यांना दोरी बांधायला लागली. गाठ नीट बसेना.

"भाऊजी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गावी चला. मुळा किती दिवसांत मुरतो ते सांगत बसा."

"पंधरा," गुरुजी म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "किंवा वीस."

"नक्की सांगा," पेइयुन म्हणाली. "यावेळी तुम्ही सांगाल तसंच करणार आहे."