बरी साडी

"मरण दारात उभं असलं तरी यांना इस्त्रीची साडी लागते."

साहेब बोलले आणि समितीची सगळी माणसं हसली. मी त्याच खोलीत होते. कोपऱ्यात, टाइपरायटरपुढे. अंधेरीतलं सरकारी ऑफिस. राज्याच्या आरोग्य धोरणाची उद्दिष्टं ठरत होती. उपचार स्वस्त हवेत, प्रत्येकाच्या आवाक्यात हवेत. साहेब माझ्या आईबद्दल बोलत होते. दवाखान्यात न्यायला उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच सगळं सांगितलं होतं. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता.

भांडुपच्या टेकडीवर आमची खोली. गाडी वर येत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघं खाली उतरवतात. आईला धाप लागली. खुर्ची दारात आली. आई बसेना.

"माका अशी नेव नको गो. ती बरी साडी काढ."

आदल्या खेपेला ती कामाच्या साडीतच गेली होती. तरुण डॉक्टर म्हणाला होता, "ए, लांब उभी राहा. वास येतोय." आमच्याकडच्या बायका दवाखान्यात लग्नाला निघाल्यासारख्या जातात, त्या यामुळे. मी ट्रंक उघडली. साडी नेसवली. निऱ्यासुद्धा नीट केल्या. आई उतारावरच गेली, खुर्चीत.

साहेबांच्या आईलाही हाच आजार. कामावर परतल्यावर सह्या घ्यायला मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले होते. म्हातारी पलंगावर, चुरगळलेल्या गाऊनमध्ये, केस मोकळे. डॉक्टर दाराशी बूट काढून आत आले. म्हणाले, "उठू नका, आई."

मला तिचा फार हेवा वाटला. औषधांचा नाही. त्या चुरगळलेल्या गाऊनचा.

हसणं थांबल्यावर साहेब म्हणाले, "हं, लिहून घे. रुग्ण उशिरा येतात, कारण लोकांमध्ये जाणीव नाही."

मी टाइपरायटरवरून हात काढून घेतले.

"काय झालं?"

"हे मी टाइप करणार नाही, साहेब."

"तू टायपिस्ट आहेस. समितीत नाहीस."

"ठाऊक आहे."

मी यंत्रावर झाकण घातलं.

हेवा वाईट, असं पुस्तकांत वाचत आले. मी तो सोडणार नाही. त्या म्हातारीला मिळालं ते सगळं टेकडीवर यायला हवं. दाराशी काढलेले बूटसुद्धा.

पुढच्या बैठकीला मी टेकडीवरच्या बायकांना घेऊन निघाले. नळावरून एक म्हणाली, "थांब गं, साडी बदलून येते."

"नाही," मी म्हटलं. "अशीच चल."