डबा हुंगणारा वकील

दादा कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी चुलीपाशी डोकवायचा, तेलाचा नाहीतर डाळीचा डबा उचलायचा आणि झाकण काढून हुंगायचा. फवारणीच्या औषधाचा वास आला, तर खिळा मागून तिथल्या तिथे डब्याला भोक पाडायचा. मुलांनो, हा माझा थोरला भाऊ. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. अनसिंगच्या आमच्या वस्तीतला तो पहिला वकील.

त्या काळी कपाशीवर नवी औषधं मारू लागले होते. रिकामे डबे मजबूत, म्हणून बायका ते धुऊन वापरायच्या. दादाने भोक पाडलं की ओरडायच्या, "वकीलबाप्पा, चांगला डबा फोडला! आता तूर कायात ठेवू?"

"मडक्यात ठेव, वहिनी. या डब्यात मरण राहून गेलं."

वाशीमच्या कोर्टात तो सरकारी वकील होता. कीटकनाशकांचा कायदा नवा होता. बाकीचे वकील त्याला हसायचे. "खून-दरोडे सोडून हा किड्यामुंग्यांच्या केसेस लढतो." दादा म्हणायचा, "किड्यांच्या नाही हो, माणसांच्याच."

मग गयाबाईचा नवरा गेला. वस्तीतलाच मजूर. एका दुकानदाराने त्याला औषध सुटं दिलं होतं, तेलाच्या जुन्या डब्यात. वर ना चिठ्ठी, ना धोक्याची खूण. त्याने ते हाताने कालवलं, दिवसभर फवारलं आणि संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावरच, बांधावरच पडला. दादाने गयाला निरोप धाडला : डबा घेऊन ये. तळाशी राहिलेलं औषध तपासायला जाणार होतं. सारी केस त्याच्यावर उभी होती.

गया डबा घेऊन त्याच्या कचेरीत आली. राखेने घासून लख्ख केलेला. पदराने पुसत तिने तो टेबलावर ठेवला. "सायेबाच्या टेबलावर घाणेरडा डबा कसा ठेवू?"

मी तिथेच होते. दादाने तिला बसवलं. तिला चहा दिला, फाटकापर्यंत पोचवून आला. मग मला म्हणाला, "'घेऊन ये' म्हणालो गं मी. 'आहे तसा' म्हणालोच नाही." दुकानदार सुटला.

पुढच्या हंगामाआधी दादाने सरकारी नोकरी सोडली आणि वाशीमलाच खासगी वकिली सुरू केली. औषधविक्रेत्यांना परवाने, कायदा, साठवण यांचा सल्ला देऊ लागला. अट एकच : सुटं विकायचं नाही आणि धोका गिऱ्हाइकाला मराठीत सांगायचा. बाजाराच्या दिवशी स्वतः दुकानापुढे उभा राहून दाखवायचा, फवारताना वारा पाठीवर घ्या, तोंडाला फडकं बांधा. मला म्हणाला, "सरकारात होतो तेव्हा प्रेत उचलल्यावर पोचायचो. आता दुकान उघडण्याआधी पोचतो."

पण त्याच्या अशिलांत तो दुकानदारही होता. वस्तीला कळलं तशी गया आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून रे, वकील? त्याचाच हात धरला?"

"गया, अर्धा तालुका त्याच्याच दुकानातून औषध नेतो. त्याले सुधारलं नाही तर..."

"आन् माह्या माणसाचं काय?"

 

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाढायची ती दादाने. त्या वर्षी तो पातेलं घेऊन पंगतीत शिरला आणि एकेकाने आपल्या वाटीवर हात ठेवला. कुणी वाईट बोललं नाही. म्हातारे त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पुरे झालं, बाप्पा." कुणाच्याही वाटीत अजून काही पडलं नव्हतं. दादाने पातेलं हळूच खाली ठेवलं आणि चप्पल घालून निघाला.

नंतर तो कायमचा नागपूरला गेला. वाशीमच्या स्टँडवर मी त्याला पोचवायला गेले होते. गाडीची वाट बघताना त्याने विचारलं, "तुला तरी पटलं का गं?"

"पटलं, दादा."

तो हसला. "बहिणीची साक्ष कोर्ट धरत नाही."

त्या दुकानातून पुन्हा कुणाला सुटं औषध मिळालं नाही, हे मला ठाऊक आहे. वस्तीलाही ठाऊक होतं. पण न मेलेल्या माणसाच्या घरी कुणाला काही जाणवत नाही. मेलेल्याच्या घरी रोज जाणवतं.

दोन-तीन वर्षांतच नागपूरहून निरोप आला. कोर्टातून घरी आला, खुर्चीत बसला आणि गेला. त्याला शेवटचं पोचवून मी परतले, तेव्हा माझ्या घरात चूल पेटली नव्हती. आमच्याकडे अशा वेळी शेजारचे भाकरी आणतात. सगळ्यांच्या आधी गया आली. पिठलं-भाकरी माझ्यापुढे ठेवून भिंतीला टेकून बसली.

मी विचारलं, "गया, त्याला माफ केलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडून तिने माझ्या हातात दिला. "पर तू जेव. तुहा भाऊ व्हता."